पत्रिकेवरचा गणपती आणि धुळ्याची शाखा

“आठे गणपती कोठे शे?” आबांनी मॉनिटरकडे बोट दाखवून विचारलं.

काउंटरवर प्रदीप होता. तो हसून म्हणाला, की गणपती आहे, फक्त पडद्यावर दिसत नाहीये. मी मागच्या खोलीत माझ्या मशीनवर बसले होते. तिथून मला सगळं ऐकू येत होतं आणि, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. काउंटरवरच्या मशीनने प्रदीपला तोंडावर पाडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

आबा एरंडोलजवळच्या एका गावातले मोठे शेतकरी. मुलाच्या लग्नाची पत्रिका पसंत करायला ते दोन भावांना घेऊन जळगावला आले होते. पत्रिका मीच लावलेली. आबांच्या घराण्याची रीत अशी, की देवाच्या डोक्यावर मोकळा कागद ठेवायचा नाही. म्हणून पद्मालयाचा गणपती आणि खाली कुलस्वामिनीचं नाव मी त्यांच्या आग्रहाने कागदाच्या अगदी वरच्या काठाला भिडवलं होतं. छापलेली पहिली पत्रिका पद्मालयाच्या देवळात ठेवायची, मग बाकीच्या वाटायच्या. आणि पडद्यावर पत्रिका सुरू होत होती ती थेट कुलस्वामिनीच्या नावापासून. त्याच्या वर गणपतीचे नुसते पाय दिसत होते.

प्रदीप म्हणाला, लगेच प्रिंट काढून दाखवतो. आबा उठलेच. शुभकार्यात एकदा देव नाहीसा झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आता कागदावर येऊन काय उपयोग. रांगेत मागे बसलेली दोन गिऱ्हाइकंही त्यांच्याबरोबर बाहेर पडली. लगीनसराईचे दिवस होते.

आता थोडं मागचं सांगायला हवं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. जळगावला सुगनचंदशेठच्या छापखान्यात मी डीटीपी ऑपरेटर होते. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पान लावायचं आणि त्यावरून छपाई करायची. मी बीएस्सी झालेले, कोर्सही केलेला. लग्न होऊन धुळ्याला गेले होते, पण नोकरी जळगावला. आमचे हे धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मुलगी ऋतुजा सासूबाईंजवळ, तिथेच पहिलीत. मी आठवडाभर जळगावला मामांकडे राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी एसटी पकडायचे. पारोळ्याला बस थांबली की मला वाटायचं, ड्रायव्हरने चहा पिऊच नये.

दिवाळीत शेठ म्हणाले, लगीनसराई आटोपली की धुळ्याला शाखा काढायची आहे, तुम्हा दोघांतल्या एकाला तिकडे पाठवू. त्या दिवसापासून मी धुळ्याच्या घरी मनाने राहायलाच गेले. ऋतुजाची वेणी घालून, डबा भरून दुकानात जायचं, इथपर्यंत सगळं ठरवून झालं. मध्ये फक्त प्रदीप होता.

प्रदीप वरणगावचा. वडील तिथल्या फॅक्टरीत. पुण्याहून कोर्स करून आला आणि आल्या आल्या शेठच्या गळ्यातला ताईत झाला. मी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. छापखान्यातली निम्मी गिऱ्हाइकं मला नावाने ओळखायची. पण प्रदीप शिट्टी वाजवत यायचा, शेठच्या केबिनमध्ये चहा प्यायचा आणि मला ‘ताई’ म्हणायचा. त्याच्या त्या ताईनेही माझं डोकं फिरायचं. चांगलं वागणाऱ्या माणसाचा हेवा करणं फार कठीण काम आहे, पण मी ते नेटाने केलं.

काउंटरवर एक जुनं मशीन पडून होतं. त्यावर विंडोज धड चालायचं नाही. प्रदीपने पुण्याहून फ्लॉपीवर एक फुकटचा व्ह्यूअर आणला आणि त्या मशीनवर टाकला. व्ह्यूअर म्हणजे दुसरीकडे तयार केलेलं पान नुसतं बघायचं साधन. त्यात मजकुराला हात लावता येत नाही. मी माझ्या मशीनवर पत्रिका लावायची, तिची फाइल फ्लॉपीवर घालून बाहेर द्यायची आणि प्रदीपने ती गिऱ्हाइकाला दाखवायची. या व्ह्यूअरला ना माउस, ना मेनू. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. तिला कमांड म्हणतात. आधी व्ह्यूअरचं नाव, मग डॅश देऊन एकेक सूचना, शेवटी फाइलचं नाव. एन्टर दाबलं की पडदा पांढरा व्हायचा आणि पत्रिका हळूहळू भरत यायची. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची.

सुरुवातीला मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली होती. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण प्रदीपने व्ह्यूअरच्या फॉन्टच्या फाइलमध्ये आमच्या मराठी फॉन्टची नावं भरली, ते फॉन्ट कुठल्या डिरेक्टरीत आहेत ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अक्षरं मराठी झाली. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, “जे पडद्यावर दिसेल तेच कागदावर येणार.” माझ्या कागदी प्रूफांकडे कुणी ढुंकून बघेना. पत्रिका मी लावायची आणि वाहवा त्याची व्हायची, याने माझा जीव नुसता जळत होता.

तर आबा उठून गेले. शेठ केबिनमधून बाहेर आले. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख होतंच, पण आबांच्या मागे सगळा गोतावळा होता, त्यांच्या शब्दावर पाच-सहा गावांतल्या पत्रिका आमच्याकडे यायच्या. शेठ प्रदीपला रागावले नाहीत. ते आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, “देवालाच कापलं तुम्ही. आता गावात काय तोंड दाखवू?”

पत्रिका मी लावली होती म्हणून मीही त्या ‘तुम्ही’त आले. फार झोंबलं. मी शेठना माझ्या मशीनवर नेऊन दाखवलं, की इथे गणपती व्यवस्थित आहे. मग प्रदीपला म्हटलं, “बाजूला हो, मी बघते.”

मला वाटलं होतं तो अडून बसेल. माझी तर तशी इच्छाच होती, म्हणजे शेठसमोर दोन शब्द ऐकवता आले असते. पण तो खुर्ची सोडून उठला आणि म्हणाला, “ताई, व्ह्यूअरची माहिती दुसऱ्या फ्लॉपीवर आहे. मी लागेल तेवढीच वाचली. तुम्ही बघता का? तोवर मी तुमच्या मशीनवर पत्रिका लावतो.” आणि खरोखरच आत जाऊन माझं काम करायला लागला. शिट्टी वाजवत.

मी डबा खायचं सोडून ती फाइल उघडली. इंग्रजीत, पानंच्या पानं. पण वाचायच्या आधी मी पडद्यावरच्या पत्रिकेकडे नीट बघितलं. वरून ती कापलेली होती, हे सगळ्यांनाच दिसलं होतं. उजव्या बाजूला मात्र कागद जास्तीचा होता. मी डाव्या-उजव्या समासात सारखी जागा सोडली होती आणि इथे उजवीकडे पांढरी पट्टी उरली होती. म्हणजे पत्रिकेत चूक नव्हती. व्ह्यूअरने धरलेला कागदच वेगळा होता.

फाइलमध्ये ते सापडलं. तो व्ह्यूअर अमेरिकेकडचा. तिकडे वापरतात तो लेटर साइजचा कागद. तो आपल्या ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि उंचीला आखूड. काही सांगितलं नाही, तर व्ह्यूअर तोच कागद धरून चालतो. दुसरी गंमत अशी, की तो पान डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापासून मोजतो. त्यामुळे कागद उंचीला कमी पडला, की खालचं सगळं शाबूत आणि वरचं गायब. आपण लिहायला लागतो ते वरून, देवाच्या नावापासून. व्ह्यूअर मोजायला लागतो ते खालून. बाकीच्यांच्या पत्रिकेत वर बोटभर समास असायचा म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उपाय एका सूचनेचा होता. डॅश, लहान एस, त्याला चिकटून पेपरसाइज हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि ए-फोर. मी तसं टाइप केलं, एन्टर दाबलं, आणि गणपतीचे पुन्हा नुसते पायच आले. आतून प्रदीपने विचारलं, “जमलं का ताई?” मी पुन्हा फाइल वाचली, तेव्हा समजलं की पेपरसाइज हा शब्द सगळा कॅपिटलमध्ये हवा. कॅपिटलमध्ये टाइप केल्यावर सोंड आली, मुकुट आला, मुकुटाच्या वरचा काठ आला.

पण पान लांबल्याने खालची नावं पडद्याच्या बाहेर गेली. त्याला आणखी एक सूचना होती, आर आणि पुढे आकडा. आकडा वाढवला की अक्षर मोठं होतं, कमी केला की सगळं पान पडद्यात मावतं. देवापासून नम्र विनंतीपर्यंत एका नजरेत दिसेल असा आकडा मी कमी-जास्त करून शोधला.

एवढी लांबलचक ओळ दरवेळी कोण टाइप करणार? मशीन सुरू होताना एक फाइल आपोआप वाचली जाते. तिच्यात मी ए-फोरची सूचना कायमची घातली. बाकीची ओळ एका छोट्या बॅच फाइलमध्ये ठेवली आणि तिला ‘पत्रिका’ असं नाव दिलं. आता काळ्या पडद्यावर ‘पत्रिका’ आणि गिऱ्हाइकाच्या फाइलचं नाव टाइप केलं, की काम झालं. कॉम्प्युटर कधी न पाहिलेल्या माणसालाही ते जमलं असतं. प्रदीपने बघितलं आणि म्हणाला, “एक नंबर, ताई.” त्याच्या चेहऱ्यावर हेवा दिसतोय का, म्हणून मी जरा जास्तच वेळ बघितलं. नव्हता. मला त्याचाही राग आला.

शेठनी एरंडोलला निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी आबा भावांसकट आले. या वेळी काउंटरवर मी बसले आणि शेठ माझ्या मागे उभे राहिले. मी ‘पत्रिका’ टाइप करून एन्टर दाबलं. पडदा पांढरा झाला. व्ह्यूअर चित्र काढायला वेळ घ्यायचा, तो त्याने घेतला. मग वरच्या काठाला भिडलेला गणपती आला, खाली कुलस्वामिनी, मग वर-वधू, मग भाऊबंदांची नावं. आबांनी टोपी सारखी केली, पडद्याला हात जोडले आणि काचेला हात लावला. जुन्या मॉनिटरच्या काचेवर बारीक करंट असायचा, तो त्यांच्या बोटाला चरचरला. त्यांनी हात मागे घेऊन कपाळाला लावला.

“शे,” ते भावांना म्हणाले. “गणपती शे.”

मग त्यांनी सगळी नावं एकदा बोट ठेवून वाचून घेतली आणि पत्रिका पसंत केली. शेठच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी मनात ऋतुजाचं दप्तर भरत होते. आता धुळं आपलं, याबद्दल शंकाच उरली नव्हती.

जाताना आबा दारात थांबले. “शेठ, ह्या ताईले आठेच राहू द्या,” ते म्हणाले. “आते मना घरनं बठ्ठं काम तिनाच हातनं.” म्हणजे त्यांच्या घरचं सगळं काम आता माझ्याच हातचं.

शेठ म्हणाले, “आबा, ताई कुठे जात नाहीत.”

मला वाटलं, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील.

लगीनसराई संपली आणि शेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. धुळ्याला प्रदीप जाणार, असं सांगितलं. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज भरला. शेठ खुशीत होते. मुख्य दुकान सांभाळायला तुमच्यासारखंच माणूस हवं, ते म्हणाले, गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन येतं, तुम्हाला हलवलं तर इथलं दुकान बसेल. धुळ्याला नवीन काम, ते कुणीही करेल.

कसंबसं मी म्हटलं, “शेठ, माझं घर धुळ्याला आहे.”

शेठ खरोखर चकित झाले. “पण तुम्ही कधी बोललाच नाहीत,” ते म्हणाले. “प्रदीपने तर दिवाळीतच मागून घेतलं होतं.”

दिवाळीतच. मी सगळी लगीनसराई त्याच्याशी शर्यत लावून पळत होते आणि तो सुरुवातीलाच शेठच्या केबिनमध्ये चहा पिता पिता मागून मोकळा झाला होता. मागायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चांगलं काम केलं की आपोआप मिळतं, असं मला शाळेपासून सांगितलं गेलं होतं. बाहेर आल्यावर प्रदीप म्हणाला, “ताई, मला माहीत असतं तर मी नसतं मागितलं.” तो खरं बोलत होता. म्हणूनच मला त्याला दोन शिव्याही देता आल्या नाहीत.

धुळ्यात त्याला खोली आमच्या ह्यांनीच बघून दिली, आमच्याच गल्लीत. शेठनी फोन करून गळ घातली होती, हे काय नाही म्हणणार. मी शनिवारी बसमधून उतरून घरी जावं, तर प्रदीप आमच्या ओट्यावर सासूबाईंच्या हातची बट्टी तुपात कुस्करत बसलेला असायचा. एका शनिवारी ऋतुजा धावत आली आणि म्हणाली, की प्रदीपकाका मला रोज शाळेतून येताना दुकानात नेतात, मला कॉम्प्युटरवर माझं नाव टाइप करता येतं. सासूबाई म्हणाल्या, “गुणी पोरगा आहे हो.” मी ‘हो’ म्हटलं आणि आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

पुढे नोकरी सोडली तेव्हाच मी धुळ्याला आले. ऋतुजा तोवर तिसरीत गेली होती. तिची वेणी ती स्वतः घालायला शिकली होती.

नंतर मी बऱ्याच मुलींना डीटीपी शिकवलं. कागदाची साइज आधी सांगा, हे पहिल्या दिवशी शिकवायचे. आणि शेवटच्या दिवशी सांगायचे, की ज्या खुर्चीवरून उठायचं आहे, त्या खुर्चीतलं काम फार चांगलं करू नका. केलंच, तर साहेबांकडे आधी जाऊन सांगा, की मला उठायचं आहे.