मोगऱ्याखालचा पाया

घराचा मागचा कोपरा खचला तेव्हा मी न्हाणीत होते आणि डोक्याला शिकेकाई लावलेली होती. आधी पायाखालची फरशी कलली, मग भिंतीतून पोतं फाटल्यासारखा आवाज आला, आणि चौकट वाकडी होऊन दार जे घट्ट बसलं ते हलेना. डोळ्यांत शिकेकाई गेली होती, म्हणून भीती वाटायला थोडा उशीर झाला.

झरोक्यातून पायाच्या दुरुस्तीला लावलेल्या ठेकेदाराचा आवाज आला. भिंतीलगत खणलेल्या चरात तो उभा होता आणि माती घसरून मांड्यांपर्यंत गाडला गेला होता.

"आजी, घाबरू नका, मी आहे."

"तू आहेस म्हणूनच घाबरतेय," मी म्हणाले.

मी आत अडकलेली, तो बाहेर अडकलेला, मध्ये एक भिंत, तीही भरवशाची नाही. सून अंगणात होती. मी तिला सांगितलं, आधी दार फोड. तो म्हणाला, आधी मला काढा. सुनेनं दोघांचंही ऐकलं नाही. ती शेजारच्या मळ्यातून माणसं आणायला धावली. तेच शहाणपणाचं होतं.

ती गेल्यावर जरा वेळानं तो म्हणाला, "आजी, या चरात पाणी कुठून येतंय? गरम लागतंय."

मी तांब्या खाली ठेवला.

घर आम्ही आमच्या मळ्यातच बांधलेलं. गुलाब आणि शेवंती पिकवून मी नाशिकच्या फुलबाजारात बसायचे. शहर वाढत मळ्यापर्यंत आलं तेव्हा कोपऱ्यातली जागा घरासाठी ठेवली. जमीन कमरेइतक्या खोलीपर्यंत काळी. पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. शेवंतीला ते चालतं, भिंतीला चालत नाही. बांधणाऱ्यानं पाया खालच्या मुरमापर्यंत नेलाच नव्हता. मागच्या भिंतीला जिन्यासारखी भेग पडली. दर दिवाळीला रंगारी तिच्यात लांबी भरायचा आणि पुढच्या दिवाळीला ती त्याची वाट बघत असायची. शेवटी तिच्यात माझं बोट जायला लागलं.

मुलगा म्हणाला, विकून टाकू, शहरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊ. मी म्हटलं, जमिनीवर पाय ठेवायला मला लिफ्टची वाट बघायची नाही. तेव्हा ठरलं, की एकदा दुरुस्ती करून बघायची. नाही जमली तर फ्लॅट.

पहिला आला तो म्हातारा मिस्त्री. बराच वेळ नुसता भिंतीकडे बघत बसला. मग भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली आणि निघून गेला. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, एवढंच सांगितलं. महिन्यानं आला तेव्हा काच तडकली होती. त्यानं छोटा खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते पाहिलं. म्हणाला, भिंतीखाली एक सोडून एक असे खड्डे घ्यायचे, मुरमापर्यंत उतरायचं, काँक्रीट भरायचं. ते घट्ट झालं की मग मधले. दोन महिने लागतील. आणि भिंतीलगतचा मोगरा काढावा लागेल.

तिथं त्याचं काम गेलं. सात झुडपं होती, सातही माझ्या हातची.

दुसरा हा ठेकेदार. मोटारसायकलवरून उतरला, काच नाही, खड्डा नाही. सगळ्या भिंतीला एकच चर मारतो, तीन दिवसांत काम संपवतो, झुडपं काढून ठेवतो आणि परत लावून देतो, म्हणाला. मला माणूस समंजस वाटला. मुलाला म्हटलं, हाच.

त्यानं एकच गोष्ट बजावली होती, की या बाजूला पाणी नको. मी स्वतःच्या हातानं नळी गुंडाळून ठेवली. अंघोळीचं पाणी माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर फुलं केली, पाणी गटारात सोडायला माझा हात होत नाही. घर झालं त्याच वर्षी मी न्हाणीचा पाईप हातोड्यानं तोडून मोगऱ्याकडे वळवला होता आणि वर कौल ठेवलं होतं. चर मारताना ठेकेदाराला तो दिसला. जुना मोडका असेल म्हणून त्यानं सोडून दिला.

मळ्यातली माणसं आली. दार टिकावानं फोडलं. मी लुगडं गुंडाळून अर्ध्या शिकेकाईनिशी बाहेर आले. ठेकेदाराला दोघांनी काखेत हात घालून उपटलं, त्याचा एक बूट खालीच राहिला. तो न्यायलाही माणूस परत आला नाही.

संध्याकाळी कोपऱ्याला लाकडांचा टेकू देऊन झाला, आणि मुलगा म्हणाला, इथली मातीच वाईट, काही केलं तरी हे घर टिकायचं नाही. फ्लॅटवाल्याला फोन करायला त्यानं मोबाईल काढला. गप्प राहिले असते तर चौथा मजला नक्की होता.

"माती वाईट नाही," मी म्हणाले. "बारा वर्षं माझं अंघोळीचं पाणी तिथं मुरतंय."

त्याला कळेना. मी त्याला नेऊन पाईप दाखवला. त्यानं पाईपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, तू घर पाडत होतीस."

"मोगरा वाढवत होते. घर मध्ये आलं."

सून आत निघून गेली. हसायला गेली असावी.

म्हाताऱ्या मिस्त्रीला मी स्वतः फोन केला. आल्यावर 'मी सांगितलं होतं' असं तो एकदाही म्हणाला नाही, ते मला जास्त लागलं. दोन महिने तो एक सोडून एक खड्डे घेत राहिला. भिंतीभोवती बाहेर उतार देऊन फरशी घातली. मोगरा पार कुंपणाजवळ नेला आणि न्हाणीचं पाणी लांब पाईपनं तिथं सोडून दिलं. वाया जाऊ दिलं नाही, त्याबद्दल मात्र त्याला मानलं. जाताना भेगेवर नवी काच लावून गेला. मी रोज बघते. पावसाळा गेला, काच शाबूत आहे. मुलानं फ्लॅटचं नाव काढलेलं नाही.

कोपरा खचला तेव्हा तिथं आम्ही तिघं होतो, मी, सून आणि ठेकेदार. तिघंही धडधाकट आहोत. मोगऱ्याच्या सात झुडपांतली दोन जगली.