तिने सांगितलेलं कंपनीचं नाव

घटस्फोट झाला तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. तिचा बाबा मँचेस्टरला गेला आणि आम्ही दोघी लंडनजवळच्या मेडनहेडलाच राहिलो. मुलीच्या खर्चासाठी दरमहा पैसे द्यायचं त्याने कबूल केलं होतं आणि सुरुवातीला ते आलेही. मग एक महिना चुकला, पुढे अर्धेच आले, आणि त्याने दुसरं लग्न केल्यावर पूर्ण थांबले. विचारलं की म्हणायचा, कॉन्ट्रॅक्ट संपलंय, नवीन मिळालं की पाठवतो.

मला नोकरी होती, त्यामुळे उपासमार नव्हती. पण घरभाडं आणि शाळेनंतर मुलीला सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे दिले की पगार जवळजवळ संपायचा. पुण्याला आईला मी यातलं काही कळू दिलं नव्हतं. शेवटी पोटगी वसूल करून देणाऱ्या सरकारी खात्याकडे अर्ज केला. लंचच्या सुट्टीत ऑफिसच्या कार पार्कमध्ये, गाडीच्या काचा वर करून मी त्यांना फोन करायचे. माझी केस बघणारी बाई शांत स्वभावाची होती. तो कुठे काम करतो ते कळलं तर पगारातूनच रक्कम कापून घेता येईल, असं ती दर वेळी सांगायची. पण त्यांचं पत्र एका कंपनीत पोचेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असायचा.

मुलगी रविवारी बाबाला फोन करायची. या भांडणात तिला ओढायचं नाही, एवढं मी पाळलं होतं. एका रविवारी फोन त्याच्या बायकोने उचलला. मी पोळ्या लाटत होते आणि बाहेर मुलगी तिच्या मराठीत सांगत होती, "बाबाला सांग, माझा स्कूल ट्रिप कॅन्सल झाला. म्हणजे बाकी सगळे जाणार, ओन्ली मी नाही. आई म्हणते नेक्स्ट इयर पैसे असेल."

मी पिठाच्या हातांनी धावले आणि फोन बंद केला. मुलीवर उगाचच ओरडले. मग आम्ही दोघी रडलो. त्या बाईसमोर आपली गरिबी उघडी पडली, हेच मला सारखं टोचत राहिलं.

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"ताई, मी मँचेस्टरहून बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली. मी जिना उतरून बाहेर आले. मला वाटलं, आता ही सुनावणार.

तिने आधी मुलीची चौकशी केली. मग म्हणाली, "तुम्हाला दर महिन्याला पैसे जातात, असं मला सांगितलंय. खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. नंतर तिने तो काम करत असलेल्या कंपनीचं नाव आणि ऑफिसचा पत्ता दिला, मला दोनदा लिहून घ्यायला लावला.

"अहो, पण तुमच्या घरातूनच पैसे कमी होतील," मी म्हणाले.

"मला सातवा महिना आहे," ती म्हणाली. "परवा आम्ही पाळणा घेऊन आलो. दुकानात ते किंमत बघून कुरकुरले नाहीत. तेव्हापासून तुमच्या मुलीचं बोलणं डोक्यातून जात नाही."

मी लगेच खात्याला फोन केला. पुढच्या पगारापासून नाही, पण त्यानंतरच्या पगारापासून पैसे कापले जाऊ लागले. थकलेली रक्कम मात्र थोडी थोडी करत, फार रेंगाळत आली. त्याचा फोन आला. नवीन कंपनीचा पत्ता कोणी दिला, एवढंच त्याला हवं होतं. खात्याने शोधला असेल, असं मी म्हटलं. त्याला पटलं की नाही, देव जाणे.

तिचं बाळ काही महिन्यांचं झाल्यावर मुलगी भावाला बघायला मँचेस्टरला गेली. मी तिला ट्रेनने सोडायला गेले. स्टेशनवर तो आला नव्हता, बाळाला कडेवर घेऊन तीच आली होती. माझ्यापेक्षा बरीच लहान, थकलेली, केस कसेतरी बांधलेले. मुलीने बाळाचा पाय धरला आणि सोडेचना. परतीच्या ट्रेनला अवकाश होता, म्हणून आम्ही स्टेशनातच कॉफी घेतली. बाळ रात्री झोपत नाही, असं ती म्हणाली. मी तिला वेखंड उगाळून लावायला सांगितलं. मुलीच्या बाबाविषयी आम्ही दोघी एक शब्दही बोललो नाही.