मजुरी बंद

चूक माझीच होती. जिनिव्हाला वेठबिगारीविरुद्ध करार झाल्याची बातमी मी निपाणीजवळच्या आमच्या गावात चावडीपुढे वाचली. ‘वेठ’ शब्द मला गावंढळ वाटला, म्हणून मास्तरकीच्या ऐटीत सांगितले, “सक्तीची मजुरी बंद.” मला श्रम म्हणायचे होते, गावात मजुरी म्हणजे पैसे.

पुढे दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचे सामान पाटलाच्या हुकमाने चिकोडीला पोचवून आलेल्या गड्यांनी पैसे मागितले. पाटील हसला. “मजुरी बंद झालीया. मास्तरांनीच वाचलं न्हवं?”

“आनि वझं वाह्यचं?” एका म्हाताऱ्या गड्याने विचारले.

“त्येचं काय वाचलं न्हाय.”

जगाने या गड्यांसाठी केलेला करार माझ्या शुद्ध मराठीने पाटलाला बहाल केला होता. मी त्या म्हाताऱ्याच्या दारात गेलो. “आप्पा, वेठ बंद झालीय, पैसे बंद झालेले न्हाईत. शब्द माझा चुकला. मला माफ करा.”