बिनफेसाचा शाम्पू

माझे केस बारीक. लांबीला नाही, जाडीला. शाळेत वेणीला रिबीन बांधली की रिबीनच दिसायची, वेणी शोधावी लागायची. लग्न झाल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा माझा अंबाडा हातात धरला आणि म्हणाल्या, "एवढेच?" ते "एवढेच?" मी अजून विसरलेली नाही. विसरणारही नाही, आता काय वय राहिलंय विसरायचं.

राहायला मी नावडे कॉलनीत. हे तळोज्याच्या एका कंपनीत होते म्हणून इथे फ्लॅट घेतला. नोकरी माझी जासईला, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात. दिवसभर ट्रेलर ये-जा करतात आणि त्यांची धूळ खिडक्या बंद असल्या तरी आत येते. टेबलावर, फायलींवर, चहाच्या कपात, डोक्यात. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरते तेव्हा केसांतून बोटं फिरवली तर हाताला खरखर लागते.

मूलबाळ नाही. त्यावर मी बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी हे गेले. सकाळी डबा घेऊन गेले, दुपारी कंपनीतून फोन आला. घरात राहिलो दोघी, मी आणि सासूबाई. आमचं कधी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. आईचं मला आणि माझं आईला सांगायचं काम ह्यांचं. "आई म्हणते पोळ्या जाड झाल्या." "ती म्हणते पीठ बदललंय." हे गेले आणि मधला माणूसच गेला. मग आमचं बोलणं कसं, तर "भात लावू?" "लाव." "गोळी घेतलीत?" "घेतली." मग टीव्ही. मालिकेतल्या बायका आमच्यापेक्षा जास्त बोलायच्या.

ह्यांचं दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले, आणि त्यानंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी सासूबाई पलंगावर बसून म्हणाल्या, "बस गो इथं."

कशाला ते मला कळलंच नाही. त्यांच्या हातात वाटी होती. खोबरेल तेल, त्यांच्या गावाकडचं, घाण्यावरचं, त्यात जास्वंद आणि माका उकळलेला. मी खाली जमिनीवर बसले. त्यांनी माझा अंबाडा सोडला आणि टाळूवर तेलाची धार धरली. थेंब-दोन थेंब नव्हे हां! तान्ह्या पोराची टाळू भरतात तशी भरली. कानामागून तेल मानेवर उतरलं, ब्लाउज भिजला. मी रडायला लागले. त्या तेल जिरवत राहिल्या.

तेव्हापासून दर शनिवारी. चहा झाला की "बस." मी बसायची. बोलणं नाही, काही नाही. पण आठवडाभर मला कुणाचा हात लागायचा नाही, खरंच सांगते. ऑफिसात कोण कुणाला हात लावतं? बसमधे धक्के लागतात ते वेगळं. त्या संध्याकाळी तेवढा वेळ कुणीतरी माझं डोकं धरून बसलेलं असायचं. मी त्याच्यासाठी शनिवारची वाट बघायची, हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ते तेल काढायचं म्हणजे दिव्य. मी वापरायची तो शाम्पू फेसाळ. बादलीभर फेस व्हायचा, तेल जायचं, यार्डाची धूळ जायची, आणि सोबत जे काय केसांत बरं होतं तेही जायचं. वाळले की काथ्या. कंगवा घातला की कटकट तुटायचे. बाथरूमच्या जाळीवर दर वेळी पुंजका. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्याने तर विचारूच नका. भांगाची रेघ रुंद होत चालली तेव्हा मात्र मला टेन्शन आलं. तसेही एवढेच होते, त्यातले किती घालवायचे?

कॉलनीतल्या पार्लरवालीकडे गेले. ती एक चटपटीत पोरगी, बोलायला लागली की थांबत नाही. तिने केस उचलून बघितले आणि म्हणाली, "मॅडम, फेस बघून शाम्पू घेता ना? तो फेस कशाने होतो माहितीये? सल्फेटने. भांडी घासायच्या साबणात असतं तेच समजा. तुमचे केस बारीक, त्यात कोरडे. त्यांना एवढं घासायचं नसतं. सल्फेट नसलेला घ्या. आणि टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती बनियनने टिपा."

सुती बनियन माझ्याकडे होते. कपाटात, घडी घातलेले, ह्यांचे.

पुढच्या रविवारी खारघरच्या मोठ्या दुकानात गेले. अहो, शाम्पूचं कपाट आहे का काय आहे! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बाटल्या. चष्मा लावून एकेक बाटली मागून वाचत उभी. समोर पानंफुलं काढलेली, 'नैसर्गिक' असं मोठ्या अक्षरात, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात दुसऱ्याच नंबरला सल्फेट. मी तर तिथल्या तिथे "लबाड मेले" म्हणाले, शेजारची बाई दचकली. एक घेतला, त्यात सल्फेट नव्हतं, पण तो निघाला जाड कुरळ्या केसांसाठी. लोण्यासारखा घट्ट. माझे केस त्याने टाळूला असे चिकटले की ऑफिसात कुणी म्हणालं, "पावसात भिजलात का?" पाऊस कुठे होता तेव्हा. तो बाटलीभर शाम्पू मी शेवटी स्वेटर धुवायला वापरला.

मग दुसरा मिळाला. पातळ, पाण्यासारखा, कोरफडीचा, वासही फारसा नाही. मागे लिहिलेलं सगळं वाचलं, जे नको ते नव्हतं. पार्लरवालीने वापरायचंही शिकवलं. डोकं आधी नीट भिजवायचं. शाम्पू मगमधे थोड्या पाण्यात कालवायचा आणि नुसत्या टाळूला लावायचा, टोकांना नाही. टोकांना कंडिशनर, तोही चिमूटभर, आणि तो टाळूला नाही. बारीक केसांना सगळंच थोडं लागतं म्हणाली.

सगळं तसंच केलं. फेस म्हणाल तर नाहीच. आणि तेलही गेलं नाही!

जाणार कसं? सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी टाळू भरलेली. मी पुन्हा धुतलं. परत धुतलं. अर्धी बादली पाणी, टँकर कधी येईल पत्ता नाही, आणि केस तेलकट ते तेलकटच. सोमवारी तशीच ऑफिसला गेले. दुपारपर्यंत यार्डाची सगळी धूळ माझ्या डोक्यावर. समोरच्या टेबलावरची म्हणाली, "बरं नाहीये का? चेहरा कसा उतरलाय." चेहरा नाही गं बाई, केस उतरलेत.

पार्लरवाली म्हणाली, "एकतर तो शाम्पू, नाहीतर ते तेल. दोन्ही कसं चालेल?"

मी विचार केला नाही. खरंच नाही केला. मला वाटलं केसांचा प्रश्न आहे, केसांचं उत्तर आहे. शनिवारी चहा झाला, सासूबाईंनी वाटी घेतली, आणि मी म्हणाले, "आई, आता तेल नको. नव्या बिनफेसाच्या शाम्पूने निघत नाही."

त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

एवढंच. तेलाची बरणी खिडकीतून उचलून ओट्याच्या वरच्या फळीवर गेली. मी म्हटलं, सुटले.

आणि केस सुधारले हो. अगदी सुधारले. महिना-दीड महिन्यात जाळीवरचा पुंजका कमी झाला. वाळले की हलके व्हायचे, कंगवा सुळकन जायचा. ह्यांच्या बनियनने टिपायची. त्याला आता त्यांचा वास कसला, कपाटाचाच वास, पण टिपताना तोंड त्यात घालून थोडा वेळ तशीच उभी राहायची. आरशात बघायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे केस मला आवडले होते. आणि कुणाला दाखवायचे? ऑफिसातल्या बाईने चेहरा उतरलेला बघितला होता, केस चढलेले तिला दिसलेच नाहीत. सांगायला घरी कोण, तर टीव्ही.

शनिवारची संध्याकाळ मोठी झाली. चहा व्हायचा, मग करायला काहीच नसायचं. मी मोबाइल बघायची. सासूबाई बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. तळोज्याकडून कंपन्यांचा वास आला की आत यायच्या, वारा फिरला की परत बाहेर. मान अवघडायची माझी, डोकं जड व्हायचं. पार्लरला जाऊन नुसतं डोकं धुवून घेतलं एकदा. त्या पोरीने चांगलं चोळलं, पण कानात गाण्याच्या वायरी घालून. उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त एकटं वाटलं. कप्पाळ माझं, डोकं चोळायला परक्या पोरीकडे जायचं आणि घरात सासू बसलेली!

मग एके दिवशी धाकट्या दिरांचा फोन आला, बदलापूरहून. "वहिनी, आई इकडे यायचं म्हणतेय. कायमची. रविवारी गाडी घेऊन येतो."

मला कुणी काही विचारलंच नव्हतं. फोन ठेवला आणि बाहेर आले. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"जाताय तुम्ही?"

"हां."

"काही चुकलं का माझं?"

"नाय गो. तुझं काय चुकणार." लसणाची पाकळी सोलून ताटलीत टाकली. "पर इथं माझं काय काम? तू रांधतेस, तूच कमावतेस. मी बसून खायचं. तिकडं नातवंडं हायत, त्यांच्या डोक्याला तेल तरी लावीन."

डोक्याला तेल तरी लावीन. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं. अहो, ते तेल माझ्या केसांसाठी होतंच कुठे! त्या बाईचा मुलगा गेलाय. ह्या घरात तिच्या हाताला तेवढं एक काम होतं, आणि मी ते बाटली मागून वाचून काढून घेतलं. आता ह्या जाणार, आणि ऑफिसातून आल्यावर कुलूप मीच उघडणार. "भात लावू?" कुणाला विचारणार?

पण म्हणायचं कसं? आम्हा दोघींना बोलायची सवय नाही. "राहा" हा एवढा शब्द, पण तो माझ्या तोंडातून निघेना. आठवडाभर निघाला नाही. त्यांनी लुगडी बाहेर काढली, ट्रंकेत ठेवली. ह्यांचा फोटो घ्यायचा का ठेवायचा, म्हणून उचलला आणि परत जागेवर ठेवला. मी सगळं बघत होते आणि "गोळी घेतलीत?" विचारत होते.

शनिवार आला. यार्डाला सुट्टी होती, मी सकाळीच डोक्यावरून न्हायले होते. संध्याकाळी चहा झाला. ट्रंक दाराशी. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, टीव्ही लावलेला नव्हता. मी ओट्याशी गेले, टाचा उचलून फळीवरची बरणी काढली, वाटीत तेल ओतलं, आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून अंबाडा सोडला.

"आई, तेल लावा."

"नाय निघत म्हणतेस ना?"

"नाही निघालं तर राहील."

"आणि ऑपिसात?"

"ऑफिसचं मरू दे हो!"

मला वाटलं, नाहीच लावणार आता. वाटीत बोटं बुडल्याचं काही ऐकू आलं नाही. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, कोरडाच. टाळूवरून मागे गेला, परत टाळूवर आला. केसांत बोटं घातली, उचलून धरले, सोडले. पुन्हा उचलले. इतकी वर्षं त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला तो तेलाचा. असे मोकळे, मऊ केस त्यांच्या हाताला कधी लागलेच नव्हते.

"अगो," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "हे त्याच्यासारखं लागतात."

मी मान वळवली नाही.

"जावळ काढलं नव्हतं तेव्हा त्याचं असंच. बारीक. हाताला लागायचंच नाय. मी भरभरून तेल घालायची, म्हणायची वाढतील. पर तसंच राहिलं." हात फिरत होता. "तुझं असं कधी झालं?"

"त्या शाम्पूने झालं, आई."

"बिनफेसाच्या?"

"हो."

"बरा हाय मग," त्या म्हणाल्या.

मी रडत होते, त्याही रडत होत्या, मानेवर पडलं ते तेल नव्हतं. वाटी तशीच बाजूला. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, "फोन लाव धाकट्याला."

मी दिरांना फोन लावला आणि हात मागे करून मोबाइल दिला. त्यांना तो कानाला नीट धरता येत नाही, उलटा धरला, मी सरळ करून दिला. दुसरा हात त्यांनी माझ्या डोक्यावरून काढला नव्हता.

"येऊ नको रे उद्या," त्या म्हणाल्या. तिकडून दीर काहीतरी विचारत होते, आजारी आहेस का, भांडलात का. "नाय रे. इथं काम हाय मला."