चिक्कीच्या डब्यातली वचनं

किस्से जमवायला जावं लागत नाही. चार माणसं दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता एकाच चटईवर बसली, की ते आपोआप साठत जातात. लोणावळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी साठते ना, तसे!

आमची चटई आबांच्या घरातली. आबा घाटातल्या रेल्वेलाईनवर गँगमन होते, आता रिटायर. घर जुनं, भिंतींना बारा महिने ओल. रविवारी सगळी मंडळी चर्चमध्ये भेटतात. बुधवारी प्रार्थनेला आम्ही चौघंच. आबा, टुरिस्ट टॅक्सी चालवणारा विल्सन, मळवलीच्या एका बंगल्याची केअरटेकर मार्थामावशी आणि मी, रूथ. पुण्यात एम. ए. करून परत आलेली, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आजच्या आज व्हावी असं वाटणारी.

प्रार्थना झाली की मधोमध येतो चिक्कीचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पुठ्ठ्याच्या लहान लहान चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. आबांच्या बायकोनं, राहेलमावशींनी, शाईच्या पेनानं लिहिलेलं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. नियम साधा. डोळे मिटून चिठ्ठी काढायची आणि न बघता आबांच्या हातात द्यायची. आबा ती खिडकीच्या उजेडात धरतात, जरा थांबतात, वाचतात आणि परत डब्यात टाकतात.

*

पहिल्याच बुधवारी मी आक्षेप घेतला.

"आबा, असं एकच वचन उचलून वाचणं बरोबर नाही. आधीचं-नंतरचं बघायला हवं. कॉन्टेक्स्ट नको का?"

आबांनी चष्मा पुसला आणि मार्थामावशीकडे बोट केलं.

"कॉन्टेक्स्ट हा काय, समोर बसलाय. नवऱ्याला भरवून, भांडी घासून, मळवलीवरनं लोकलनं आलाय."

*

विल्सनचं डोकं लवकर तापतं. एकदा खंडाळ्याच्या ट्रॅफिकमध्ये पॅसेंजरशी त्याचं असं वाजलं, की त्यानं त्या माणसाला बायको-पोरांसकट रस्त्यात उतरवलं. त्या बुधवारी त्याला वचन निघालं: सौम्य उत्तरानं राग निवतो.

पुढच्या बुधवारी परत तेच. तिसऱ्या बुधवारीही तेच!

"आबा, ही चिठ्ठी बदलून द्या."

"एक्स्चेंज नाही."

"अहो, पण देवाला दुसरं काही सुचत नाही का?"

"तू दुसरं काही करतोस का?"

चौथ्या बुधवारी विल्सननं आल्या आल्याच सांगून टाकलं, की त्या पॅसेंजरला फोन करून सॉरी म्हणालो. त्या दिवशी त्याची चिठ्ठी बदलली! मी डब्याकडे जरा संशयानं पाहिलं. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स हा माझा विषय होता.

*

मार्थामावशीला लिहिता-वाचता येत नाही. पण चिठ्ठी काढताना ती चोरून बघते, हे एकदा मी पकडलं.

"मावशी, डोळे मिटायचे असतात!"

"मिटलाय की."

"एकच मिटलाय."

"दोनी मिटून कसं चालंल? यक प्रार्थनेला, यक डब्याकडं."

वाचता तर येत नाही, बघेना का, म्हणून मी सोडून दिलं.

*

मग बंगला विकला गेला.

मावशी आणि तिचा नवरा सायमनभाऊ वीस वर्षं त्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. भाऊंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची उजवी बाजू चालत नाही. खाटेवरून न्हाणीपर्यंतची अकरा पावलं त्यांनी तिथल्या भिंतीला धरून पाठ केली आहेत. नवा मालक मुंबईचा. त्यानं निरोप धाडला, की स्वतःचा माणूस आणायचा विचार आहे, येऊन बघून ठरवीन. येणार तो एका गुरुवारी सकाळी. म्हणजे खोल्या राहणार की जाणार, ते त्या दिवशी कळणार होतं. जायला दुसरी जागा नव्हती.

मी पेटले. रात्रंदिवस राबलेल्या माणसांना असं काढतात? दोन पानी पत्र तयार केलं आणि मावशीला वाचून दाखवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"लय झ्याक लिवलंयस. धाड."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी प्रार्थना करत्ये."

"मावशी, नुसत्या प्रार्थनेनं..."

"नुसती कुटं? तुजं पत्र हाय न्हवं! दोनी चालू दे."

*

त्याच दिवसांत तिला पाखरांचं वचन निघालं. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गातला पिता त्यांना खायला घालतो.

मला राग आला. "हे ऐकायला छान आहे. पण पाखरांना कुणी घर सोडायची नोटीस देत नाही!"

"व्हय की," मावशी म्हणाली. "पर पाखरांचं माला ठाव हाय. बंगल्याच्या जाळीत बुलबुल घरटं करत्यात. पेरत न्हाईत, ते खरं. पर दिसभर चोच चालूच आसती. देव दाना देतो, घरट्यात आणून टाकत न्हाई."

विल्सन हळूच मला म्हणाला, "तुझ्या एम. ए.ला हे होतं का?"

*

एका बुधवारी मात्र माझा अगदीच तोल गेला. मावशी अजून आलेली नव्हती. मी म्हटलं, "आबा, आपण तिला दर आठवड्याला धीर देतो. धीरानं काय होतं? छप्पर मिळतं का?"

आबा म्हणाले, "घाटात दरड पडली की आम्ही फावडी घेऊन जायचो. वर डोंगर तसाच सुटलेला. माझ्या पहिल्या दिवशी मी वरच बघत राहिलो, फावडं उचलेना. मुकादम नुसता शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, मी आहे इथं. दगड त्यानं एक पण उचलला नाही."

"मग?"

"मग मी उचलले."



*

आणि तो बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक येणार होता. माझ्या पत्राला उत्तर आलेलं नव्हतं.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसतं. ते म्हणाले, "रूथ, आज तू वाच."

मी सावरून बसले. "वाचते. पण सांगून ठेवते, लिहिलंय तेवढंच वाचीन. पदरचं काही घालणार नाही."

"बरं," आबा म्हणाले.

मावशीनं हात पदराला पुसले. डब्यात हात घालून तिनं एरवीपेक्षा जास्त वेळ चाचपलं. चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली.

मी चिठ्ठी सरळ केली. उलटी केली. परत सरळ केली.

चिठ्ठी कोरी होती.

कडेला बुरशीचे ठिपके आणि मधोमध फिकट निळसर डाग, एवढंच. मी डब्यात हात घालून दुसरी काढली. कोरी. तिसरी काढली. तिच्यावर एका अक्षराचा काना तेवढा राहिला होता. राहेलमावशींची सगळी शाई लोणावळ्याच्या ओलीनं कधीच खाऊन टाकली होती.

मी विल्सनकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता. आबांकडे पाहिलं. ते पट्टीआड शांत बसले होते, डब्याच्या झाकणावर हात ठेवून.

"कोरी हाय न्हवं?" मावशी म्हणाली.

"मावशी! तुम्हाला माहीत होतं?"

"माला वाचता येत न्हाई गं. दिसतं की!"

मी तिची चिठ्ठी परत डब्यात टाकायला गेले.

"वाच, पोरी," ती म्हणाली. "सकाळी मालक यायचाय."

मी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. जरा थांबले. आणि वाचली.