आधी हात जोड, मग कुंकू

२००५ ची संक्रांत. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत एका काकूंच्या अपार्टमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. एकेकीला कुंकू लावत काकू माझ्यापाशी आल्या. थांबल्या. बोट मागे घेतलं.

"आधी सगळ्यांसमोर सॉरी म्हण. हात जोडून. मग लावते."



हे माझ्या नवऱ्यानेच ठरवून दिलं होतं. माझा एका माणसावर जीव जडला होता. हो, जडला होता. नवऱ्याला कळलं आणि त्याने ते गावभर केलं. मित्र त्याला म्हणाले, अशी बायको ठेवलीस तर तू भडवा. म्हणून ही अट. माफी माग, नाहीतर घटस्फोट. मी त्याच्या व्हिसावर. घटस्फोट झाला की या देशात राहणं संपलं. नागपूरहून आई फोनवर म्हणाली, "इकडे येऊ नकोस. धाकटीचं लग्न व्हायचंय." मरून जावंसं वाटायचं. रोज वाटायचं.

तो मात्र वीकेंडला मित्रांबरोबर अटलांटिक सिटीला जायचा. पैसे देऊन बायकांकडे. काकूंना ठाऊक होतं. "पुरुषांचं काय गं मनावर घ्यायचं!"

घरात जीव गुदमरायचा म्हणून मी युनिव्हर्सिटीत एका म्हाताऱ्या प्रोफेसरबाईंच्या वर्गात मागे जाऊन बसायचे. त्या प्राचीन रोमचा कायदा शिकवत. नवरा वेश्येकडे गेला तर गुन्हा नाही. बायकोचा मात्र व्यभिचार. मग तिच्या अंगावर टोगा, एरवी पुरुषांचा, बायकांत फक्त वेश्येचा पोशाख. आणि तिला घरात ठेवणारा नवरा कायद्यानेच भडवा. दोन हजार वर्षांनी माझ्या नवऱ्याचे मित्र तेच बोलले होते.

तरीही त्या संक्रांतीला काकूंसमोर मी हात जोडायला उचलले. जाणार कुठे होते?

काकू म्हणाल्या, "म्हण, धंदेवालीसारखी वागले."

माझे हात खाली आले. हा माझा टोगा. तो मीच अंगावर चढवायचा होता.

"काकू, धंदेवाली एवढी वाईट, तर तिच्याकडे जाणाऱ्यांना कुणी हात जोडायला लावलं?"

"बायकांनी असं बोलू नये."

"मग राहू दे तुमचं कुंकू."

कोट उचलला. निघाले. बाहेर बर्फात रडले, भरपूर रडले.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "फाइल कर डिव्होर्स. कोर्टात माझंही सांगेन, तुझंही सांगेन."

"जाशील कुठे?" तो ओरडला.

माहीत नव्हतं. आजही धड माहीत नाही. पण चुकलं म्हणणार नाही. उपाशी मेले तरी नाही.