सुभद्रेच्या चुलीवरचे लाटसाहेब

अकोटच्या सुभद्रेची चूल वेगळी झाली ती भांडणातून नव्हे, कापसातून. अमेरिकेतल्या लढाईनं कापूस महागला, त्या तेजीच्या वर्षांत अंगणात सरकी काढायला बसलेल्या तीस बायांना एक चूल पुरेना, म्हणून सासूनं, पार्वताबाईंनी, परसात दुसरी घालू दिली. मात्र मीठ, तिखट आणि सकाळचा विस्तव थोरल्या चुलीचाच. पुढं मीठ सुटलं, मग तिखटही. विस्तव सुटेना, आणि सुभद्रेचा जीव त्यातच अडकलेला. उसन्या विस्तवाला दिलेला नैवेद्य सासूच्याच नावानं देवाला पोचतो, ही तिची खंत.

तेजी उतरली तेव्हा नवरा जानराव अकोल्याहून बातमी घेऊन आला. "क्यानडा म्हून मुलूख हाये समुद्रापार. इंग्रजाच्या राणीनं त्यायले सोताचा कारभार देला. पण राणी तेच, अन् तिचा लाटसाहेब तिथं बसते."

पार्वताबाईंना हे फार पटलं. "मी काय त्या राणीहून कमी हावो? घे सुभद्रे, तुले कारभार. पण लाटसाहेब माहा बसन."

लाटसाहेब म्हणून नेमले गेले पार्वताबाईंचे धाकटे दीर नत्थुजी. उभ्या जन्मात त्यांनी कशाचाच निकाल दिला नव्हता. खांद्यावर वहिनीची जुनी शाल घेऊन ते पाटावर बसत. सकाळी खापरातून विस्तव आणायचा, भाजी चाखायची आणि "वहिनीच्या हुकमानं" म्हणायचं. त्याशिवाय कोणी भाकर मोडायची नाही.

एकदा त्यांना तिथंच डुलकी लागली. तीस बाया भाकरी हातात धरून बसल्या.

"मामाजी," सुभद्रेनं चुलतसासऱ्यांना हलवलं, "हुकूम द्या ना. भाजी थंडी होऊन राहिली."

"वहिनीले इचारून येतो."

पुढं ते दारातूनच विचारू लागले. मग विचारणंही राहिलं. गुडघे दुखू लागले तसे संध्याकाळी सुभद्रेच्याच चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवत, सकाळी फुंकत आणि "वहिनीच्या हुकमानं" म्हणत. सुभद्रेनं हात जोडून अग्नीला पहिला घास दिला. विस्तव आता तिचा होता, नैवेद्यही तिच्याच नावानं पोचणार होता.

दोन महिन्यांनी थोरली चूल विझली. पार्वताबाई स्वतः खापर घेऊन आल्या. "इस्तव माहाच हाये ना?"

"तुमचाच, आत्याबाई. बसा, जेवून घ्या."

पार्वताबाई भाकर हातात धरून बसल्या. नत्थुजींना डुलकी लागली होती, वहिनीच्या नावाचा हुकूम अजून सुटायचा होता.